आपापल्या खात्याशी इमान

महिला कारागृह
४ मार्च

अहो,

निकालानंतर तुम्हाला पत्र लिहायचंच नाही असं मी ठरवलं होतं. पण इथे नवराबायकोला महिन्यातून दोन पत्रं लिहू देतात, आणि हक्काची गोष्ट सोडून द्यायची मला सवय नाही. शिवाय भांडायला दुसरं कोणी नाही. माझ्या कोठडीतली बाई खिसेकापू आहे, पण स्वभावाने इतकी गोड की तिच्याशी भांडताच येत नाही.

तेव्हा सुरुवात करते. कोर्टाच्या त्या बोळात मला बघून तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? "अगं, तू कशाला आलीस?" आणि मी म्हटलं, "अहो, तुम्हाला कोणी सांगितलं?" मला वाटलं, माझी बातमी तुम्हाला लागली आणि तुम्ही धीर द्यायला धावत आलात. डोळे भरून आले माझे! मग तुम्ही हात पुढे केलात, तर तुमच्याही मनगटात बेड्या. तुमच्या शिपायाने माझ्या शिपाईणबाईंना विचारलं, "यांचीपण हेरगिरीच का?" त्या म्हणाल्या, "हो, सात नंबर. तुमचा?" जसं काही आपण दवाखान्यात नंबर लावून बसलोय.

चौकशीच्या साहेबांच्या मी किती हातापाया पडले होते. म्हटलं, काय शिक्षा द्यायची ती द्या, पण यांना कळू देऊ नका, माणूस सरळ आहे, हाय खाईल. ते गालातल्या गालात का हसायचे ते त्या बोळात कळलं. दोन खटले, दोन्ही बंद दाराआड, आणि सरळ माणूस शेजारच्याच खोलीत!

तेवीस वर्षं एका छताखाली काढली. शुक्रवारी तुम्ही उशिरा यायचात आणि का म्हणून विचारलं की खोकायला लागायचात. मला वाटायचं, बाई आहे. त्या बाईला मी मनातल्या मनात काय काय बोलले! तिचं नाक कसं असेल, साडी कशी असेल, सगळं ठरवून टाकलं होतं. आणि बाई नव्हतीच. माझा एवढा जळफळाट फुकट गेला, तो कोणी भरून द्यायचा?

नऊ वर्षं तुम्हाला, नऊ मला. आपली ठमी सतरा वर्षांची आहे आणि तुमच्या बहिणीकडे राहते आहे. मला तिने एक ओळ लिहिलेली नाही. तुम्हाला लिहिते का? खरं सांगा.

कायद्याने अजून तरी तुमचीच,
मी

*

मध्यवर्ती कारागृह
१९ मार्च

अगं,

ठमी मलाही लिहीत नाही. ताई कळवते की ती जेवते, कॉलेजला जाते आणि आपला विषय निघाला की ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाते.

इथे माझं बरं चाललंय. फक्त माझ्या हातात पेन्सिल दिसली की पहारेकरी धावत येतात. परवा बागेत वाफे कसे काढायचे ते मी जमिनीवर काठीने आखून दाखवत होतो, तर दोघांनी येऊन पायाने पुसलं. सरकारी नकाशा कार्यालयात मुख्य नकाशाकार होतो ना मी. आता मला टोमॅटोचाही नकाशा काढायला बंदी आहे.

आता तुझ्या भांडणाचं उत्तर. वकिलाने मला तुझं आरोपपत्र दाखवलं. तू परदेशाला काय दिलंस ते वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बंदरातलं पाणी कुठे किती खोल, त्याचे तक्ते! अगं, ते माझे! काम पुरं करायला घरी आणले होते, सुरकुती पडू नये म्हणून गादीखाली ठेवले होते. तू लघुलेखिका, मंत्रालयात सचिवांच्या दाराशी बसणारी. तुझ्यासमोरून रोज केवढे कागद जात होते, आणि तुला नवऱ्याचीच गादी उचलावीशी वाटली?

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी माझ्या खात्याचा कपटासुद्धा कोणाला दिलेला नाही. हे मी न्यायाधीशांनाही सांगितलं. मी दिलं ते तुझ्या खात्याचं. तू रात्री टंकलेखन करायचीस आणि वापरलेला कार्बन कचऱ्यात टाकायचीस. तो मी दिव्यासमोर धरून वाचायचो. पण माझ्या खात्याशी बेइमानी? छे! ते संस्कार नाहीत आपल्यावर.

तुझाच,
मी

*

४ एप्रिल

अहो,

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की खिसेकापू बाईंनी पाणी आणून दिलं. आता सांगते, रागावू नका. मीसुद्धा माझ्या सचिवांचा एक कागद कधी बाहेर जाऊ दिला नाही! ते मला मुलीसारखं मानायचे. त्यांच्या विश्वासाला तडा? जीव गेला असता तरी नाही. पण तुमचं नकाशा कार्यालय म्हणजे... तुम्हाला आठवतं, आमच्या मंत्रालयाने एक साधा तक्ता मागितला तर तुमच्या लोकांनी आम्हाला पावणेदोन वर्षं झुलवलं होतं? सचिवसाहेबांना भर बैठकीत मान खाली घालावी लागली. त्या दिवसापासून तुमच्या खात्याचं काहीही झालं तरी मला त्याचं सोयरसुतक उरलं नाही.

म्हणजे हिशेब असा झाला. न्यायाधीशांनी आपल्या दोघांना 'पदाच्या गैरवापराबद्दल' शिक्षा दिली, आणि पदाचा गैरवापर दोघांनीही केलेला नाही. मी गादीचा केला आणि तुम्ही केराच्या टोपलीचा. वकिलांना विचारा, यावर अपील होतं का.

बाकी काय? तुमची आठवण येते. तुम्ही आंघोळ करताना गाणं म्हणायचात, ते किती छान लागायचं कानाला. हो, आणि सहज विचारते, तुमच्याकडून हे सगळं घेणारा माणूस कोण होता हो? कोर्टात तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत म्हणे. माझ्यापासून काय लपवायचं आता?

तुमचीच,
मी

*

१८ एप्रिल

अगं,

तुझं अक्षर किती सुंदर आहे! इतक्या वर्षांत हे तुला सांगायचं राहूनच गेलं. पत्र आलं की आधी नुसता बघत बसतो, मग वाचतो.

माझ्या माणसाचं काय घेऊन बसलीस? किरकोळ होता तो. मला वाटतं, तुझा माणूस भारी असणार. तुझ्यासारख्या हुशार बाईला वळवणं म्हणजे खायचं काम नाही. कोण होता ग तो? कुठे भेटायचात? लिही ना सविस्तर, इथे वाचायला दुसरं काही नाही. मन मोकळं केलंस तर तुलाच हलकं वाटेल.

ताईचं पत्र होतं. ठमीला परीक्षेत चांगले गुण मिळाले. आपल्याला सांगू नको असं ताईला बजावलंय तिने.

तुझ्या अक्षराच्या प्रेमात,
मी

*

३ मे

अहो,

किती वर्षांची सूट कबूल केलीय तुम्हाला?

तेवीस वर्षांत तुम्ही माझ्या स्वयंपाकाला, शिवणाला, दिसण्याला कधी छान म्हटलं नाहीत, आणि आता अक्षराच्या प्रेमात? लघुलेखिकेच्या? माझं अक्षर माझ्या सचिवांनाही लागत नव्हतं, म्हणून तर टंकलेखन करावं लागायचं. इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस एवढी वर्षं पकडला कसा गेला नाही, हेच मला नवल वाटतं.

आता माझंही ऐका. आंघोळीतलं तुमचं गाणं भयंकर होतं. शेजारी खिडकी लावून घ्यायचे. मी गोड गोड लिहिलं, कारण आमच्या अधीक्षकबाईंनी मला बोलावून सांगितलं, की नवऱ्याच्या माणसाचं नाव त्याच्याच हातून पत्रात लिहवून घेतलंस तर तीन वर्षं कमी करू. त्याच्याच हातून, म्हणजे तो नंतर नाही म्हणायला नको. आणि तुमच्या बाजूने विचार केला, तर तुमच्या अधीक्षकांनी तुम्हालाही तेच सांगितलं असणार. दोघांनाही एकमेकांच्या मागावर सोडलंय त्यांनी! जो लिहील तो नऊ वर्षं पुरी करणार, जो लिहवून घेईल तो सहा वर्षांत घरी, ठमीजवळ.

(पत्र वाचणाऱ्या साहेबांना विनंती: हे खोडू नका. तुम्हीही मनात हसत असाल.)

सांगा, आहे की नाही असं?

मी

*

१७ मे

अगं,

आहे. अगदी तसंच आहे. तुझ्यासमोर मी कधी टिकलो नाही.

पकडला गेलो म्हणून बरं वाटतंय, तेव्हा आता एक खरं लिहितो. निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी मला विचारलं, "तुमच्या हातून गेलेल्या कागदामुळे एखादं जहाज बुडालं असतं, तर आत काम करणाऱ्या पोरांच्या आयांना तुम्ही काय सांगितलं असतं?" तो प्रश्न मी इथे रोज रात्री स्वतःला विचारतो. माझे जुने साहेब साक्षीला आले होते, ते पिंजऱ्याकडे बघत रडले. मला फार लाज वाटली. नऊ वर्षं मिळाली ती जास्त नाहीत.

हे सगळं मी कशासाठी केलं, तेही सांगतो. तो माणूस माझं ऐकून घ्यायचा. अंधाऱ्या खोलीत समोर बसायचा आणि "सावकाश सांगा, घाई नाही" म्हणायचा. घरी तू थकलेली असायचीस, कार्यालयात सगळे घाईत. एवढ्या तेवढ्यावर मी विरघळलो. मोठं काही कारण असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं.

आता तू काही लिहू नकोस. मीही काही विचारणार नाही. नावं पोटात ठेवून दोघं नऊ वर्षं काढू. शब्द दे.

मी

*

१ जून

अहो,

शब्द देत नाही.

माझा माणूस म्हणजे बाजाराच्या टोकाचा चष्मेवाला. दुकानावर मोठा लाकडी चष्मा टांगलेला आहे. मंगळवारी मी डोळे तपासायला जायची. माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. गेली सहा वर्षं मी साध्या काचा लावून हिंडतेय.

झालं. माझ्याच हातून लिहिलंय, नंतर नाही म्हणणार नाही. तीन वर्षं तुमची. तुम्ही आधी घरी जा. ठमी लहानपणापासून तुमच्या अंगाखांद्यावर वाढली, ताप आला तरी तिला बाबाच लागायचे. माझ्याशी ती बोलेल न बोलेल, तुमच्याशी बोलेल. चांगलं वागा तिच्याशी. आणि गाऊ नका.

मी

*

१ जून

अगं,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय, कारण तू शब्द दिलास की मला माझा मोडावा लागेल, आणि आता ते नको वाटतं.

माझ्याकडे कागदपत्रं मागणारा माणूस चष्मेवाला होता. बाजार संपतो तिथलं शेवटचं दुकान, वर लाकडी चष्मा. शुक्रवारी संध्याकाळी, नंबर तपासायच्या अंधाऱ्या खोलीत. त्याचं खरं नाव मला माहीत नाही, पण दुकान डोळे मिटून दाखवीन.

तू घरी जा. मुलीला या वयात आई लागते. मी इथे टोमॅटो बघतो.

तुझाच,
मी

*

१६ जून

अहो!

अहो, तो एकच! आपला चष्मेवाला एकच!

आणि मला त्याच्याकडे कोणी पाठवलं? तुम्ही! "माणूस चांगला आहे, नंबर नीट काढतो" म्हणाला होतात. मंगळवारी मी, शुक्रवारी तुम्ही, त्याच खुर्चीत. मला तो म्हणायचा, "बाई, घरी बोलू नका हं, तुमचे यजमान फार सरळ आहेत." मला किती बरं वाटायचं, की बाहेरच्या माणसालाही तुमची किंमत कळते! तुम्हाला काय सांगायचा? की तुमची बायको साधीभोळी आहे? खरं खरं लिहा.

अधीक्षकबाई म्हणाल्या, पोलीस गेले तेव्हा तो एका म्हाताऱ्याला चष्मा बसवत होता. तेवढं पुरं करू द्या म्हणाला आणि मग निमूट गाडीत बसला. कुठल्या देशासाठी काम करतोस विचारलं, तर त्याने उलट विचारलं, "मंगळवारचं की शुक्रवारचं?" तुम्ही ज्या देशाला द्यायचात आणि मी ज्या देशाला द्यायची, ते दोघं एकमेकांचे हाडवैरी आहेत, आणि दोघांचा माल एकाच खोलीतून जात होता. मी हसून हसून लोळले. खिसेकापू बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ताई, आमच्या धंद्यात एवढी बेशिस्त चालत नाही.

पण आता पेच झालाय. दोन्ही पत्रं एकाच दिवशी पोचली. अधीक्षकबाई म्हणतात सूट त्यांच्या कैद्याची, तुमचे अधीक्षक म्हणतात त्यांच्या. दोघांचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं. शेवटी वरून हुकूम आला: माणूस एक, तर सूटही एकच. कोणी घ्यायची ते नवराबायकोने ठरवून कळवावं.

तर कळवून टाका की तुम्ही घेताय. मी इथे बटणं लावते, मजेत आहे. ठमीला तुमची गरज आहे. एकदा तरी माझं ऐका.

मी

*

३० जून

अगं,

नाही ऐकत. मी अर्जावर तुझं नाव लिहून दिलंय. अधीक्षक म्हणाले, तिकडून तुमचं नाव आलंय. मी म्हटलं, ते खोडा. ते म्हणाले, "तिकडेही असंच म्हणतायत. मला जेवायला जायचंय, तुम्ही लवकर ठरवा."

तो म्हणायचा की माझी बायको साधीभोळी आहे. मी म्हणायचो, हो, फार.

तू जा. मी सहा वर्षांनी घरी जाऊन ठमीसमोर उभा राहिलो, आणि तिने विचारलं की आई कुठे आहे, तर "तुझ्या आईनेच मला सोडवलं आणि मी एकटा निघून आलो" असं सांगायला मला तोंड नाही. मला ते जमणार नाही ग. मी घाबरतो तिला.

तुझाच,
मी

*

आत्याच्या घरून
१२ जुलै

आई, बाबा,

हेच पत्र दोघांना पाठवते आहे. एक शब्दही वेगळा नाही. दोन्ही प्रती ताडून बघाल याची खात्री आहे, खुशाल बघा.

मला दोन्ही अधीक्षकांनी बोलावून घेतलं. तुम्ही "तू जा, तुम्ही जा" करत बसलात, आणि त्यांना तो कागद एकदाचा निकाली काढायचा होता. म्हणाले, आता मुलीनेच सांगावं कोण हवं. तुमची सगळी पत्रं त्यांनी मला वाचायला दिली. मी तिथेच बसून वाचली. मला हसायचं नव्हतं. पण बागेतल्या टोमॅटोपाशी हसू फुटलं, आणि बाबांच्या अधीक्षकांनाही आवरेना. मग आम्ही तिघंही बराच वेळ हसलो. मग मी रडले. अधीक्षकबाईंनी चहा मागवला.

मी विचारलं, सूट अर्धी अर्धी करता येते का? दोघांनी नियमांचं पुस्तक काढलं. सूट एकालाच द्यायची असं त्यात कुठेही नव्हतं. वाटून द्यायची नाही असंही नव्हतं. असं कोणी आजवर विचारलंच नव्हतं म्हणाले. वरून परवानगी आली आहे. दीड वर्ष आईला, दीड वर्ष बाबांना. शिक्षा एकाच दिवशी सुरू झाली, तेव्हा दोघं एकाच दिवशी सुटाल.

याला माया समजू नका. एकटी आई आली, तर बाबांचं खरं काय ते मला तिच्याकडूनच ऐकावं लागेल. एकटे बाबा आले, तरी तेच. तुमच्यापैकी कोणा एकावर विश्वास ठेवायची माझी हिंमत नाही. दोघं घरात असलात तर निदान एकमेकांवर लक्ष तरी ठेवाल.

वर्गात माझ्या शेजारी कोणी बसत नाही. हे तुम्ही केलंत. मला तुमचा भयंकर राग येतो. आणि तुमची आठवण येते, तीही भयंकर. दोन्ही एकदमच येतात, त्याचं काय करायचं ते मला कोणी सांगत नाही.

पुढच्या महिन्यात भेटायला येते आहे. सकाळी आईकडे, दुपारी बाबांकडे. दोघांना एकच प्रश्न विचारणार आहे. उत्तरं वेगळी आली तर मी पुन्हा येणार नाही, साडेसात वर्षांनी न्यायलाही नाही. प्रश्न कोणता ते आत्ता लिहीत नाही, तुम्ही पत्रांतून संगनमत कराल.

घाबरू नका. सोपा आहे. दोघंही खरं बोललात, तर उत्तर एकच येईल.

ठमी